दुधी कुणाचा?

‘घरचं’ हा शब्द मराठीत फार भाव खाऊन गेला आहे. घरचं तूप, घरचं लोणचं, घरचे आंबे, घरचा मसाला. ‘घरचं’ म्हटलं की पाहुण्यानं चव घेण्याआधीच ‘वा!’ म्हणायचं असतं. बाजारातल्या दुधीला खुशाल नावं ठेवावीत. घरच्या दुधीला नावं ठेवणं म्हणजे यजमानांच्या मुलीला काळी म्हणण्यासारखं आहे. अपवाद एकच, घरचा आहेर. तो मात्र घरचा असूनही आजवर कुणाला गोड लागलेला नाही.

पण घरची भाजी म्हणजे नेमकी कुणाची? कॉमर्सच्या पदवीधराला मालकीहक्काचा शब्द दिसला की कागदपत्रं मागायची खोड असते. त्यातून मी बँकेतला कारकून. आमच्याकडे माणूस हा तोच माणूस आहे यावरसुद्धा चटकन विश्वास ठेवत नाहीत. सही जुळावी लागते, फोटो जुळावा लागतो. पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात काउंटरसमोर येऊन उभी राहतात, नमस्कार करतात, माझ्या पाठदुखीची चौकशी करतात, आणि तरीही मी त्यांना म्हणतो, ‘‘काका, हयातीचा दाखला?’’ असल्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसानं दुधीच्या मालकीचा पुरावा मागितला तर कुणी रागावू नये.

हा प्रश्न मला आरामखुर्चीत सुचलेला नाही. तो मला २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूरला पडला. त्या उन्हाळ्यात लातूरला पडायला प्रश्नांखेरीज दुसरं काही शिल्लकच नव्हतं. पाऊस तर त्याआधीची सलग वर्षं धड पडला नव्हता.

बँकेनं माझी तिथं बदली केली होती. भाड्याच्या घराला मागं चांगलं चार पावलांचं परस होतं. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आधीच्या भाडेकरूनं एक पुडी ठेवलेली सापडली. वर निळ्या शाईनं ‘दुधी’ असं लिहिलेलं. उन्हाळी दुधी जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. मी जानेवारीच्या अखेरीस दोन बिया लावल्या. नळ तेव्हाच रुसलेला होता, पण अजून बोलत होता. एक बी उगवली, एक गेली. पन्नास टक्के वसुली. दुष्काळी भागात एवढी वसुली झाली तर आमचे मॅनेजर पेढे वाटतील.

पुढं काय झालं ते सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं आहे. ज्या मांजरा धरणावर लातूर शहर जगायचं ते कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा हुकूम निघाला. दंगलीसाठी जमावबंदी ऐकली होती. कळशीसाठी ती पहिल्यांदाच पाहिली. आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, त्यांत पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. मग पन्नास वाघिणींच्या गाड्याही येऊ लागल्या. स्टेशनवर लोक गाडी बघायला गेले होते. आपल्याकडे नवरामुलगा आणि मंत्री सोडून दुसऱ्या कुणाला उतरवून घ्यायला लोक सहसा स्टेशनवर जात नाहीत.

वेलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो आपला ठरल्या वेळी भिंतीवर चढला आणि फुलांवर आला.

दुधीच्या वेलाची एक रीत असते. आधी नर फुलं येतात, तीही डझनांनी. संध्याकाळी पांढरीशुभ्र उमलतात, रात्रभर मिरवतात आणि सकाळी मान टाकतात. काम म्हणून काही नाही. मादी फुलं मागाहून येतात, मोजकी येतात, आणि प्रत्येकीच्या मागं बोटाएवढा दुधी आधीच तयार असतो. म्हणजे ही कामाला येतानाच पोराला काखोटीला मारून येते. पराग इकडचे तिकडे करायला रात्रीचे पतंग लागतात. त्या वर्षी तेही गाव सोडून गेले असावेत. तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. संध्याकाळी बँकेतून आल्यावर नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाला हलकेच टेकवायचं. बनियनवर लावलेली ही लग्नं. आमच्या दोन्ही घराण्यांत मी जमवलेलं लग्न टिकल्याची तेवढीच नोंद आहे.

प्रश्न पाण्याचा होता. घरात आम्ही चौघं. आंघोळीला माणशी अर्धी बादली असा ठराव झालेला. मोठ्या घमेल्यात उभं राहून अंग धुवायचं आणि घमेल्यात साचलेलं पाणी बादलीत ओतायचं. सांडलवंड वजा जाता दिवसाला दीड बादली पाणी जमायचं. त्यातली एक बादली वेल प्यायचा. ऐन उन्हाळ्यात भिंतभर पसरलेल्या वेलाला तेवढं लागतंच. दुपारी त्याची पानं अशी लोंबायची की जणू बढतीच्या यादीत नाव न आलेले आमचे हेडकॅशियर.

आमची ही कॉमर्सची नाही, पण पाण्याचं खातेपुस्तक तिच्या डोक्यात पक्कं होतं. एके दिवशी ती म्हणाली, ‘‘वाया जाणारं पाणी, वाया जाणारं पाणी म्हणता, ते काही वाया जाणारं नाही. तेवढ्यात संडासाचं दोन वेळचं काम भागतं. तुम्ही वेलाला घालता, म्हणून संडासात टँकरचं चांगलं पाणी टाकावं लागतं. म्हणजे तुमचा दुधी चांगलंच पाणी पितो, फक्त आडवळणानं.’’

याला अर्थशास्त्रात वैकल्पिक खर्च म्हणतात. एखादी वस्तू एका कामाला लावली की दुसरं जे काम अडतं, ती तिची खरी किंमत. बी. कॉम.च्या परीक्षेत मी यावर टीप लिहिली होती आणि पाचपैकी साडेतीन मार्क मिळवले होते. पण संडासाचं उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. असतं तर पूर्ण पाच मिळाले असते.

एकदा हा हिशेब मांडला गेला म्हटल्यावर वेलाकडं पूर्वीच्या नजरेनं बघता येईना. रात्री दोनला टँकर आला की सगळी गल्ली उठायची. हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या, जे हाती लागेल ते घेऊन माणसं धावायची. आणि त्याच गल्लीत मी दिवेलागणीला परसात वेलाला पाणी घालायचो. उन्हाळ्यात झाडाला पाणी संध्याकाळी द्यावं असं शास्त्रच आहे. शास्त्राचा एवढा आधार मला पूर्वी कधी वाटला नव्हता. तहानलेल्या गावात वेलाला पाणी घालणं बरोबर की चूक, हा झाला पहिला प्रश्न. आणि असल्या पाण्यावर आलेलं फळ ‘घरचं’ म्हणायला आपल्याला तोंड आहे का, हा त्याच्या पोटातला दुसरा.

वेल काढून टाकावा की ठेवावा, असं आमचं दोघांचं एका सकाळी परसात चाललं होतं. मी वेलाच्या बुंध्याशी खाली बसलो होतो. तेवढ्यात भांड्यांच्या मावशी आल्या. डोळे तांबारलेले, त्यांच्या वस्तीत टँकर पहाटे आला होता.

‘‘काय करूलालाव सायब ह्ये?’’

‘‘वेल काढावा म्हणतो, मावशी. पाणी फार जातं त्याला.’’

‘‘कोन्तं पानी? आंगुळीचंच ना? मग ते मी का प्येनार हाय?’’

आमच्या हिनं संडासाचा मुद्दा मांडला. मावशींनी तो उभ्या उभ्याच निकालात काढला. ‘‘वैनी, भांडी धुतल्यालं पानी मोरीत जातंय की. ते टाका संडासात. वेलाला खरकटं-साबन सोसत न्हाई, संडासाला काय बी चालतंय.’’ आणि मग पदर खोचता खोचता, जणू काही नळाचं बिल किती आलं ते सांगावं अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘आन् सायब, पानी तुमचं कवापासून झालं? ते तर मिरजंचं हाय.’’

एवढं बोलून मावशी भांड्यांकडं वळल्या. मी मात्र बुंध्याशी तसाच बसून राहिलो. वेल राहिला. त्या दिवसापासून भांड्यांचं दुसरं पाणी संडासात आणि आंघोळीचं वेलाला अशी नवी घडी बसली आणि टँकरच्या पाण्याला कुठंच धक्का लागेना. पहिला प्रश्न मावशींनी असा पाच मिनिटांत सोडवला. दुसऱ्याला मला पुढं कित्येक वर्षं लागली.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहिला दुधी काढण्याजोगा झाला. आणि त्याबरोबर दावेदार गोळा झाले. आमच्या शाखेत एखाद्या निपुत्रिक खातेदाराचं निधन झालं की वारसांची अशीच गर्दी होते.

घरमालक जिन्यावरूनच म्हणाले, ‘‘आमच्या मातीला गुणच आहे तसा.’’ माती त्यांची, म्हणजे दुधीही तत्त्वतः त्यांचाच. वेल भिंतीवरून पलीकडं गेला होता आणि तो पहिला दुधी शेजारच्या काकूंच्या बाजूला लोंबत होता. फळमाशीनं डंख मारू नये म्हणून काकूंनी त्याला वर्तमानपत्र गुंडाळलं होतं. म्हणजे भिंत त्यांची, राखण त्यांची. आधीच्या भाडेकरूचा विजेच्या बिलासाठी फोन आला, तेव्हा त्यानंही विचारलं, ‘‘लागला का आमचा दुधी?’’ बी त्याचं. आणि मी तर ‘घरचा दुधी, घरचा दुधी’ म्हणून बँकेत सांगून बसलो होतो.

माझ्या बाजूनं वकीलही मोठा होता. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं १६८९ साली लिहून ठेवलं आहे की निसर्गात पडलेल्या वस्तूत माणसानं आपले कष्ट मिसळले की ती त्याची होते. कष्ट माझे होते. बिया लावल्या, दोऱ्या बांधल्या, बादल्या वाहिल्या, फुलांची लग्नं लावली. लॉकच्या न्यायालयात दुधी माझा.

पण कारकुनाला निकाल वाचून भागत नाही, ताळेबंद जुळावा लागतो. म्हणून मी दुधीचा ताळेबंद मांडला. शंभर ग्रॅम दुधीत पंच्याण्णव-शहाण्णव ग्रॅम पाणी असतं. दुधी म्हणजे हिरव्या पिशवीत भरलेलं पाणीच, वर थोडी साल आणि आत थोड्या बिया. पाणी मिरजेचं, कृष्णेचं. मावशींचा हिशेब धरला तर दुधीत शहाण्णव टक्के भागभांडवल मिरजेचं निघालं. टँकरमधलं सगळंच पाणी रेल्वेचं नसायचं, हे खरं. पण पैसा एकदा तिजोरीत मिसळला की कुठली नोट कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, तसंच ते.

उरले चार टक्के. ते तरी मातीचे, म्हणजे घरमालकांचे, असावेत की नाही? त्याचाही हिशेब एका माणसानं करून ठेवला आहे. व्हान हेल्माँट नावाच्या फ्लेमिश वैद्यानं सतराव्या शतकात एका कुंडीत दोनशे पौंड सुकवलेली माती मोजून भरली आणि पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड भरलं एकशे एकोणसत्तर पौंड. माती पुन्हा सुकवून मोजली, तर कमी झाली होती फक्त दोन औंसांच्या आसपास. त्याला वाटलं, सगळं झाड पाण्याचंच झालं. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा प्रयोग छापला गेला, आणि बऱ्याच पुढं कळलं की झाडाचा सुका भाग मुख्यतः हवेतून येतो. ऊन पडलं की पानं हवेतल्या कार्बन वायूची आणि पाण्याची साखर करतात. म्हणजे शहाण्णव टक्के मिरज, राहिलेल्या चारांतली मोठी रक्कम हवा आणि ऊन, आणि मातीच्या वाट्याला चिमूटभर क्षार. घरमालकांना हे मी सांगितलं नाही. त्यांनी भाडं वाढवलं असतं.

आणि मी? माझे कष्ट ताळेबंदात कुठं दाखवायचे? दुधी कापून पाहिला, तराजूत घातला, तर माझ्या नावावर एक ग्रॅमही निघत नाही. मी फक्त पाणी मोरीजवळून भिंतीजवळ नेलं आणि एका फुलातले पराग दुसऱ्यावर ठेवले. बँकेच्या भाषेत, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग केले. वर्ग करणाऱ्या कारकुनाची त्या रकमेवर मालकी असते असं कुणी म्हटलं तर त्याची चौकशी लागते.

मिरजेला तरी मालक म्हणावं, तर तिचंही तसंच. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे जगात नावाजलेले. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या वाद्यांचे भोपळे आणि आपला दुधी वनस्पतिशास्त्राच्या मतानं एकाच जातीचे, सख्खे भाऊ. पण ते भोपळे मिरजेत पिकत नाहीत. ते येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. भीमेकाठच्या भोपळ्यावर मिरजेनं सूर लावला, आणि मिरजेच्या पाण्यावर लातूरला दुधी लागला. मालक शोधायला निघालं की दरवेळी आणखी एक जिल्हा ओलांडावा लागतो.

काही माणसं हा गुंता पैशात सोडवू पाहतात. अमेरिकेतला थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला आणि त्यानं घेवड्यासारख्या शेंगांची शेती केली. त्याचं खातं त्यानं पुस्तकात छापलं आहे. खर्च १४ डॉलर साडेबाहत्तर सेंट, उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्ध्या सेंटपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या या तत्त्वज्ञाबद्दल मला बंधुप्रेम वाटतं. पण त्यानं स्वतःची मजुरी धरलेली नाही आणि झोपडीची जमीन होती मित्राची, इमर्सनची. आमच्याकडच्या इन्स्पेक्शनमध्ये हे खातं टिकलं नसतं. घरच्या भाजीचा हिशेब कुणीही मांडला तरी एक तर तोटा निघतो, नाहीतर कुणाचा तरी वाटा लिहायचा राहून गेलेला असतो.

मग पुन्हा लॉकच उपयोगी पडला. या गृहस्थाचं अर्धंच वाक्य लोक सांगतात. कष्टांनी वस्तू तुमची होते, असं म्हणून तो थांबत नाही. त्याला दोन अटी घालतो. दुसऱ्यांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे, ही एक. आणि नासण्याआधी जेवढं वापरता येईल तेवढंच तुमचं, ही दुसरी. त्यापलीकडचं दुसऱ्याचं. लॉकनं दुधी लावल्याची नोंद नाही, पण ही अट लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढं भाजीच असली पाहिजे. मेमध्ये एकाच आठवड्यात आमच्या वेलावर पाच दुधी लागले. पाच दुधी चार माणसांना खाऊन संपत नाहीत. कोशिंबीर झाली, थालिपीठ झालं, चण्याची डाळ घालून भाजी झाली, हलवा झाला; चौथ्या दिवशी धाकट्यानं ताटासमोर सत्याग्रह केला. वेलावर ठेवावा तर बी जरठ होतं, घरात ठेवावा तर सुरकुततो. भाजीला मुदत ठेव नाही. सगळी चालू खाती.

लॉक पुढं म्हणतो, माणसानं यातून वाट काढली ती पैशाची. सोनं-नाणं नासत नाही. म्हणून ते कितीही साठवलं तरी नासाडीची अट मोडत नाही. इथं मी जरा चपापलो. म्हणजे आमचा सगळा धंदा उभा आहे तो न नासणाऱ्या गोष्टीच्या पायावर! १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड निघाली तेव्हा सुरुवातीच्या भागधारकांत लॉक स्वतः होता, तो काही उगाच नाही.

आणि त्याच वर्षी, २०१६ च्याच ८ नोव्हेंबरला, रात्री आठ वाजता कळलं की नोटसुद्धा नासते. पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून चालेनाशा झाल्या. दोन दिवसांनी बँका उघडल्या. काउंटरवर सुरुवातीला माणशी चार हजारांपर्यंत बदलून मिळायचे. काचेपलीकडं रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि तिच्यात मला ओळखीचे चेहरे दिसत होते. एप्रिलमध्ये ज्या बाया कळशी घेऊन उभ्या होत्या, त्याच नोव्हेंबरात हातरुमालात बांधलेल्या नोटा घेऊन उभ्या होत्या. आमच्या मावशीही होत्या. डाळीच्या डब्यात ठेवलेल्या पाचशेच्या चार नोटा घेऊन. नोटांना तुरडाळीचा वास येत होता. मला म्हणाल्या, ‘‘सायब, हे बी शिळं झालं म्हनं.’’ त्यांच्या हातात मी शंभराच्या वीस नोटा ठेवल्या तेव्हा आमच्या दोघांच्याही मनात हा पैसा कुणाचा असा प्रश्न आला नाही. त्यांचा होता, माझ्या हातातून जात होता.

मला वाटतं, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. मी दिवसाला लाखो रुपये मोजतो. वीस वर्षांत एकदाही मला ती रक्कम ‘घरची’ वाटलेली नाही. तरी मी ती काळजीनं मोजतो, फाटकी नोट बाजूला काढतो, रात्री ताळा जुळला नाही तर जेवण गोड लागत नाही. मालकी नसताना जीव लावता येतो, हे रोज करून दाखवणारी जमात म्हणजे कॅशियर. गांधीजी धनवंतांना सांगत की स्वतःला मालक समजू नका, विश्वस्त समजा. धनवंतांना ते अवघड गेलं असेल. आम्हाला पहिल्या पगारापासून सवय आहे. मग परसात गेल्यावर चार वेलांपुढं माणूस जहागीरदार कशाला होतो? दुधीच्या बाबतीतही आपण कॅशियरच. पाणी आलं ते जमा, दुधी लागला तो नावे. मधल्या काळात राखायचा, आणि शिळा होण्याआधी ज्याला पोचायचा त्याला पोचता करायचा.

हे कळल्यावर बाकीचं सोपं होतं. तहानलेल्या गावातल्या वेलाला पाणी का घालायचं? तर आंघोळीच्या पाण्याचं तोंडात जाण्याजोगं काहीतरी व्हावं म्हणून, आणि त्या वर्षी बाजारातली हिरवी भाजी ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या ताटात ते पडावं म्हणून. तेवढं होत असेल तर बादली सत्कारणी लागली. भिंतीवर दुधी लोंबताना लोकांना दिसावा आणि बँकेत सांगता यावं एवढ्यासाठीच ती ओतायची असेल, तर आमच्या हिचं संडासाचं खातं जास्त नैतिक. एकच बादली, एकच वेल. पाणी कुठं जातं यावरून काही ठरत नाही, दुधी कुठं जातो यावरून ठरतं.

त्या मेमध्ये पहिला दुधी काकूंनी घेतला, दुसरा घरमालकांनी, तिसऱ्याचा अर्धा मावशींनी. मावशींचा अर्धा दुसऱ्या दिवशी परत आला: वाटीभर, येसर आणि दाण्याचं कूट घालून केलेला. अर्ध्या दुधीवर चोवीस तासांत इतकं व्याज कुठलीही बँक देत नाही. आमच्या धाकट्यानं सत्याग्रह मागं घेतला. मिरजेला तेवढं काही पाठवता आलं नाही. पण पुढं एकदा गाडी मिरज स्टेशनावर थांबली असताना मी उगाचच खाली उतरून नळाचं पाणी प्यालो आणि मनातल्या मनात नोंद केली.

विश्वस्ताला एक जबाबदारी मात्र टाळता येत नाही. पाण्याचा ताण पडला की काकडी-दुधीच्या कुळात कडवटपणा वाढू शकतो, आणि कडू दुधी नुसता बेचव नसतो, विषारी असतो. त्याचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत, दगावलेलीही आहेत. म्हणून दुधी देण्याआधी मी देठाकडची एक चकती कापतो, जिभेला लावतो आणि थुंकून टाकतो. कडू लागला तर तो खड्ड्यात. खोटी नोट कितीही सुबक असली तरी ती पुढं सरकवायची नसते.

आता माझी बदली झाली आहे, परसाच्या जागी गच्ची आहे आणि जमिनीच्या जागी रंगाचे जुने डबे. उन्हाळा आला की त्यांत दुधी असतो, दोडका असतो, भेंडी असते. भाजी घ्यायला सोसायटीतली मंडळी येतात आणि विचारतात, ‘‘घरचीच ना?’’ मी ‘हो’ म्हणतो. एवढं सगळं जिन्यात कोण सांगत बसणार? फक्त दुधी हातात देताना सवयीनं एक वाक्य तोंडातून जातंच, ‘‘घरी पुन्हा एकदा चव बघून घ्या. काउंटर सोडल्यावर तक्रार चालणार नाही.’’